ओपनकोअर लेगसी पॅचर : २०१२च्या मॅकबुक प्रोवर मॅकओएस सोनोमा

तळाशी ए१२७८ हा क्रमांक आणि उजव्या कडेला सीडीची खाच असलेला तेरा इंची मॅकबुक प्रो ॲपलने जून २०१२ मध्ये आणला आणि ऑक्टोबर २०१६ पर्यंत विकला. मात्र त्यावर अधिकृतपणे चालणारी शेवटची मॅकओएस (मॅकची कार्यप्रणाली) म्हणजे २०१९ची कॅटलिना. २०२० मध्ये बिग सर आली तेव्हा हे यंत्र यादीतून वगळले गेले, म्हणजे ज्याने ते २०१६ मध्ये कोरे करकरीत घेतले त्याच्या वाट्याला जेमतेम चार वर्षे आली. कॅटलिनाची सुरक्षा अपडेटही जुलै २०२२ नंतर बंद झाली. त्यानंतर यंत्र बंद पडत नाही. अडते ते ब्राउझरपाशी. क्रोमची १२८ ही कॅटलिनावर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि त्यापुढे एकेक संकेतस्थळ कुरकुर करू लागते. फायरफॉक्स कॅटलिनाला बराच काळ सांभाळून घेत आला आहे, तेव्हा ज्याचे काम केवळ ब्राउझरवर भागते त्याने आधी तो बसवून पाहावा आणि पुढचा खटाटोप टळतो का ते बघावे.

ज्याचे तेवढ्याने भागत नाही त्याच्यासाठी, ॲपलने वगळलेल्या मॅकवर नवी मॅकओएस बसवून देणारे ओपनकोअर लेगसी पॅचर हे साधन आहे. मावशीच्या लॅपटॉपवर मी या साधनाने आधी २०२१ची मॉन्टेरे आणि पुढे २०२३ची सोनोमा बसवली. तिचे काम भाषांतराचे असल्यामुळे दिवसभर मराठी टायपिंग, दोन-तीन पीडीएफ उघडे, मेल, बँक आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल एवढे सगळे त्या यंत्राला झेपावे लागते. पुढील मते त्या वापरावर बेतलेली आहेत. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला किंवा संगीत ध्वनिमुद्रित करणाऱ्याला कदाचित वेगळा अनुभव येईल.

हे साधन डॉर्टानिया या स्वयंसेवी गटाचे असून ते पूर्णपणे मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोड गिटहबवर कोणालाही पाहता येतो. कॅटलिनापर्यंत जुन्या मॅकवाल्यांची सारी भिस्त डॉसड्यूड१ या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रॅमरच्या पॅचरवर होती. ते पॅचर इन्स्टॉलरमध्येच फेरफार करत. ओपनकोअरची पद्धत निराळी आहे. ते डिस्कवरच्या ईएफआय नावाच्या छोट्या विभाजनात बसते, मॅकओएसच्या आधी स्वतः सुरू होते आणि गायब झालेले ड्रायव्हर व सेटिंग स्मृतीमध्ये भरून मग मॅकओएसला पुढे पाठवते. यंत्राच्या फर्मवेअरला, म्हणजे चिपमध्ये कायम बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमला, ते हात लावत नाही, आणि ॲपलचा इन्स्टॉलर जसाच्या तसा राहतो. त्यामुळे आतली डिस्क पुसण्याआधी काही बिनसले तर पेनड्राइव्ह काढून टाकला की यंत्र होते तसे मिळते. मला या साधनाबद्दल विश्वास वाटू लागला तो प्रथम या रचनेमुळे. अर्थात फाइल घ्यायची ती गटाच्या अधिकृत पानावरूनच. त्याच नावाने इतरत्र मिळणाऱ्या प्रतींच्या वाटेला जाऊ नये.

पॅचर उतरवण्याआधी यंत्राकडे पाहणे आवश्यक आहे, कारण पॅचरच्या नावाने जी बोटे मोडली जातात त्यातली बरीचशी मुळात हार्डवेअरमुळे असतात. हे यंत्र ४ जीबी रॅम आणि मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी ५०० जीबीची फिरती डिस्क घेऊन आले. त्या डिस्कवर सोनोमा चालवणे म्हणजे सहनशक्तीची परीक्षा आहे. सुदैवाने या पिढीत सगळे बदलता येते. तळाचे दहा स्क्रू काढले की झाकण निघते. त्यातले तीन इतरांपेक्षा लांब असतात आणि बिजागरीकडच्या बाजूला बसतात, म्हणून कागदावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी ठेवत जावे. डिस्कच्या कडेला चार खुंट्या असतात, त्यांना टी६ टॉर्क्स पाना लागतो, आणि साध्या स्क्रूड्रायव्हरने झगडल्यास त्या खुंट्यांची कड झिजते. आतमध्ये अडीच इंची कोणतीही साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसते. कंपनी ८ जीबीच सांगते, पण रॅमच्या दोन खाचांत ८-८ जीबीच्या डीडीआर३ १६०० पट्ट्या बिनतक्रार चालतात. ग्राफिक्स चिपला स्वतःची स्मृती नसून ती याच रॅममधून उसनी घेते, हे लक्षात घेता १६ जीबी ही चैन म्हणता येणार नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत या पट्ट्या अजून मिळतात. बिल आणि बदलून देण्याची हमी मात्र मागून घ्यावी, कारण बाजारातला बराचसा माल जुन्या यंत्रांतून काढलेला असतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. डिस्कला मदरबोर्डाशी जोडणारी पातळ रिबन केबल ॲल्युमिनियमच्या तळाला घासून झिजते, आणि या मॉडेलचे हे दुखणे दुरुस्ती करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. केबल अर्धवट गेलेली असली की नवी एसएसडीसुद्धा मध्येच अडखळते, रंगीत चक्री फिरत राहते, आणि इन्स्टॉलर शेवटच्या टप्प्यावर कारण न देता थांबतो. नवी डिस्क घालताना केबलही बदलून टाकणे शहाणपणाचे, कारण झाकण उघडलेले असतेच. बॅटरी फुगलेली असली तर ट्रॅकपॅडची कळ घट्ट होते. तशी ती लागत असेल तर बाकी काही करण्याआधी बॅटरी बाहेर काढावी.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम अपेक्षेपेक्षा सरळ आहे. पॅचर हे एक साधे ॲप असून मुख्य खिडकीत चार-पाच मोठी बटणे आहेत. 'क्रिएट मॅकओएस इन्स्टॉलर' दाबले की ते ॲपलच्याच सर्व्हरवरून हवी ती आवृत्ती उतरवून घेते आणि पेनड्राइव्ह तयार करते. पेनड्राइव्ह १६ जीबीचा पुरतो, तरी ३२ जीबीचा घेतलेला बरा. त्यानंतर 'बिल्ड अँड इन्स्टॉल ओपनकोअर' हे बटण त्याच पेनड्राइव्हच्या ईएफआय विभाजनात ओपनकोअर बसवते. येथे एक खाचखळगा आहे. ॲप आपणहून ज्या मॅकवर चालत असते त्याच मॅकसाठी ओपनकोअर घडवते. पेनड्राइव्ह दुसऱ्या, नव्या मॅकवर तयार करत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन लक्ष्य-यंत्र बदलून मॅकबुकप्रो९,२ (या मॉडेलची ॲपलची ओळखखूण) करावे लागते. हे राहिले तर पेनड्राइव्ह वरवर ठीक दिसतो आणि जुन्या यंत्रावर मात्र काही केल्या पुढे सरकत नाही. एवढ्या महत्त्वाच्या निवडीची जागा सेटिंगच्या आत न ठेवता बटणाशेजारीच ठेवायला हवी होती.

यंत्र सुरू करताना ऑप्शन कळ धरून ठेवली की डिस्कांची यादी येते. त्यात आधी 'ईएफआय बूट' निवडायचे आणि मग मॅकओएसचा इन्स्टॉलर. ईएफआय बूटवर एंटर मारताना कंट्रोल कळ दाबून ठेवली तर तीच निवड कायम होते आणि पुढच्या प्रत्येक वेळी ऑप्शन धरण्याची कटकट वाचते. डिस्क युटिलिटीत 'शो ऑल डिव्हायसेस' करून संपूर्ण डिस्क पुसायची आणि तिथे विचारल्यावर फॉरमॅट एपीएफएस व डिस्कची रचना जीयूआयडी अशी निवडायची, अर्थात आधी सगळे सामान दुसरीकडे उतरवून घेतलेले असायला हवे. यानंतर यंत्र स्वतःहून अनेकदा बंद-चालू होते, मधे बराच वेळ एकच पट्टी हलत नाही, आणि याच टप्प्यावर धीर सुटून पॉवरचे बटण दाबण्याचा मोह होतो. तो आवरावा. ज्याला आत काय चालले आहे हे पाहायचे आहे त्याने ओपनकोअर घडवतानाच 'व्हर्बोज' हा पर्याय चालू करावा. मग सफरचंदाऐवजी ओळींमागून ओळी धावताना दिसतात, आणि अडकलेच तर नेमके कुठे ते कळते.

पहिल्यांदा डेस्कटॉप दिसतो तेव्हा तो पाहून मन खट्टू होण्याची शक्यता आहे. खिडकी ओढली की ती तुकड्या-तुकड्याने मागून येते, डॉकची पारदर्शकता गेलेली असते, मजकूर वर-खाली करताना पान लडखडते. याचे कारण असे की या यंत्रातील इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सचे ड्रायव्हर ॲपलने मॉन्टेरेपासून काढून टाकले आहेत. सोनोमात त्याच्या जोडीला जुन्या वाय-फाय कार्डांचा आधारही गेला, त्यामुळे पॅच बसेपर्यंत वाय-फायचे चिन्ह निष्प्राण असते. अशा वेळी या जुन्या यंत्राच्या डाव्या कडेला असलेले इथरनेटचे भोक फार मोलाचे ठरते. राउटरला वायर लावावी आणि निश्चिंत व्हावे. यानंतर पॅचरमधले 'पोस्ट-इन्स्टॉल रूट पॅच' चालवले की तो जुन्या मॅकओएसमधले ड्रायव्हर परत जागेवर ठेवतो, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर तोच डेस्कटॉप ओळखू येत नाही इतका मोकळा होतो. पॅचरने बनवलेल्या पेनड्राइव्हमधून बसवल्यास हे ॲप आपोआप मागोमाग येते आणि बहुतेक काम स्वतःच उरकते. शेवटी ओपनकोअर आतल्या डिस्कवर उतरवायचे, म्हणजे पेनड्राइव्हची गरज संपते. आत बसवलेली एसएसडी ॲपलची नसून दुसऱ्या कंपनीची असल्यास टर्मिनलमध्ये ट्रिमफोर्सचा आदेश देऊन ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवण्याची सोय) चालू करणेही विसरू नये.

ग्राफिक्सपेक्षा मला अधिक कौतुक वाटले ते प्रोसेसरच्या अडचणीवर काढलेल्या तोडग्याचे. या यंत्रातील आयव्ही ब्रिज पिढीच्या प्रोसेसरला एव्हीएक्स२ या जलद आकडेमोडीच्या सूचना कळत नाहीत, आणि मॉन्टेरेनंतरच्या व्हेंचुरापासून मॅकओएसच्या इंटेल आवृत्तीतील मूळ लायब्ररी (सगळे प्रोग्रॅम वापरतात तो सामाईक कोड) त्या सूचना गृहीत धरून बांधलेल्या आहेत. वरवर पाहता येथे गाडी संपली. पण ॲपलच्या स्वतःच्या चिपवर इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम चालवणाऱ्या रोझेटासाठी कंपनीला एव्हीएक्स२ नसलेल्या लायब्ररींचा एक वेगळा संच द्यावाच लागतो. पॅचर बसवताना तोच संच जुन्या इंटेल यंत्रावर उतरेल अशी व्यवस्था करतो. नव्या चिपसाठी केलेल्या सोयीवर जुने यंत्र जगवण्याची ही कल्पना ज्याला सुचली त्याला दाद द्यायलाच हवी.

आता रोजच्या वापराविषयी. १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर सोनोमा मराठी टायपिंगला कुठेही मागे पडत नाही. पेजेसमध्ये कोहिनूर देवनागरीतला मोठा मजकूर उघडून मध्येच परिच्छेद घातला तरी जोडाक्षरे बोटांबरोबर उमटतात. कॅटलिनात फिरत्या डिस्कवर असताना हेच अक्षर थांबून थांबून येत असे. ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'रिड्यूस ट्रान्स्परन्सी' चालू केल्यास जुन्या ग्राफिक्सवरचा भार आणखी हलका होतो, आणि तसे केल्याने काही सुंदर हरवते असे मला वाटले नाही. यूट्यूबची गोष्ट वेगळी आहे. ते शक्यतो व्हीपी९ पद्धतीने चित्र पाठवते, आणि ही चिप व्हीपी९ स्वतः उलगडू शकत नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येऊन पंखा घोंगावू लागतो. एच२६४ चित्रच मागवणारे एक्स्टेंशन ब्राउझरमध्ये घातले की पंखा शांत होतो. व्हिडिओ कॉलला मात्र असा उपाय नाही. समोर चार-पाच चेहरे असले की यंत्र तापते, आणि मांडीवर घेऊन बसवत नाही इतके तापते.

मॉन्टेरे की सोनोमा, या प्रश्नाला माझ्यापाशी सरळ उत्तर नाही. हे यंत्र मॉन्टेरेवर अधिक हलके चालते हे निःसंशय; त्यात एव्हीएक्स२ची भानगड नाही आणि पॅच कमी लागतात. पण मॉन्टेरेची शेवटची सुरक्षा अपडेट १२.७.६ ही जुलै २०२४ मध्ये आली आणि त्यानंतर कंपनीने तिच्याकडे पाठ फिरवली. जिथे बँकेचे व्यवहार होतात तिथे थोडा वेग गमावून सोनोमा घेणे मला योग्य वाटले. कोणी केवळ लिहिण्यासाठी किंवा जुनी गाणी साठवण्यासाठी यंत्र ठेवणार असेल, तर त्याने मॉन्टेरेवरच थांबावे.

येथपर्यंत वाचून हे साधन सर्वांनी वापरावे असा समज होईल, आणि तो पुरा बरोबर नाही. बिग सरपासून मॅकओएसची मूळ डिस्क मोहोरबंद असते: प्रत्येक फाइलचा हिशोब ठेवलेला असतो आणि एक बाइट जरी बदलला तरी मोहोर तुटते. रूट पॅच बसवणे म्हणजे ती मोहोर तोडणे. त्याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे एसआयपी हे मॅकओएसचे अंगभूत संरक्षण अंशतः शिथिल ठेवावे लागते, म्हणजे सुरक्षेसाठी नवी आवृत्ती घ्यायची आणि त्याच सुरक्षेचा एक पदर सैल करायचा, अशी ही तडजोड आहे. माझ्या मते २०२२ पासून अपडेट न मिळालेल्या कॅटलिनापेक्षा ती परवडते, पण ती तडजोड आहे हे वापरणाऱ्याला माहीत असायला हवे. दुसरा परिणाम अधिक त्रासदायक आहे. मोहोर तुटलेल्या यंत्राला छोटी अपडेट मिळत नाही. दर वेळी संपूर्ण सोनोमा, म्हणजे बारा-तेरा जीबी, उतरवावी लागते. घरी फायबर असेल तर हे रात्रीत होऊन जाते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर ज्याचा लॅपटॉप चालतो त्याला ते शक्य नाही. शिवाय अपडेटबरोबर पॅच पुसले जातात, तो लडखडणारा डेस्कटॉप परत दिसतो, वाय-फाय जाते आणि रूट पॅच पुन्हा चालवावे लागतात. पॅचर स्वतः आठवण करून देतो, पण ती खिडकी वाचून योग्य बटण दाबणारे कोणी तरी हवे.

म्हणून मावशीच्या यंत्रावर मी स्वयंचलित अपडेट बंद केली. तरी सेटिंगच्या चिन्हावर लाल ठिपका उगवतोच. "अरे, इथे एक लाल टिकली आलीय, दाबू का?" असा तिचा फोन येतो आणि मी "मावशी, राहू दे, रविवारी येतो तेव्हा बघतो" असे सांगतो. ओपनकोअरची नवी आवृत्ती आली की ती आधी, आणि मॅकओएसची अपडेट त्यानंतर, हा क्रम पाळावा लागतो. उलट केल्यास क्वचित यंत्र सुरू होताना अडकते. तेव्हा शिफ्ट कळ धरून सेफ मोडमध्ये जायचे आणि पॅच मागे घ्यायचे. कोणी चुकून एनव्हीआरएएम (यंत्र सुरू होतानाची सेटिंग जपणारी छोटी स्मृती) रीसेट केली तर ईएफआय बूटची कायम केलेली निवड पुसली जाते आणि पडद्यावर गोलात तिरकी रेघ असलेले चिन्ह दिसते. त्याचा अर्थ डिस्क गेली असा होत नाही. ओपनकोअरला बगल देऊन मॅकओएस थेट सुरू व्हायला निघाली एवढाच होतो, आणि ऑप्शन धरून ईएफआय बूट निवडले की काम भागते. मी हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवले आहे.

ज्याच्या घरी किंवा जवळपास असा रविवारी येणारा कोणी नाही, त्याला मी हे साधन सुचवणार नाही, मग ते कितीही उत्तम असो. त्याच्यासाठी याच यंत्रावर लिनक्स मिंट बरा. मिंटची २२ ही आवृत्ती उबंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत आधार आहे, एचडी ४०००चा ड्रायव्हर तिच्यात मुळातच आहे आणि अपडेट नेहमीच्या पद्धतीने येतात. तिथेही या यंत्राच्या ब्रॉडकॉम वाय-फाय कार्डाला वेगळे फर्मवेअर द्यावे लागते, पण ते इथरनेटची वायर लावून ड्रायव्हर मॅनेजरमधून एकदाच. मावशीने मिंट नाकारला तो पेजेसमधल्या तिच्या जुन्या फायलींमुळे आणि वर्षानुवर्षे बोटांत बसलेल्या देवनागरी कीबोर्डमुळे, आणि ते कारण मला पुरेसे वाटले.

खर्चाचे गणितही याच अनुषंगाने करावे. मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असेल असे ॲपलने २०२५ मध्येच जाहीर केले आहे, तेव्हा पॅचरने कितीही कसब दाखवले तरी ही वाट फार लांब जाणारी नाही. रॅम, एसएसडी आणि रिबन केबल यांवर पैसे घालायला माझी हरकत नाही, कारण त्यातली एसएसडी उद्या दुसऱ्या यंत्रातही लागेल. पडदा फुटला, मदरबोर्डवर पाणी सांडले किंवा कीबोर्डच्या कळा गेल्या तर मात्र दुरुस्तीच्या फंदात न पडता हे यंत्र सुट्या भागांसाठी विकून टाकावे.